नसलेल्या वस्तूची धूळ

१

बाटलीवरचं अक्षर सदफचंच होतं. सही तिची, तारीख तिची, लाल झाकणही तेच. आतली पावडर तेवढी तिची नव्हती.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या त्या फार्मसी कॉलेजच्या मीटिंग हॉलमध्ये सगळे तिच्याकडे वळले. एप्रिलचं ऊन काचेतून आत आलं होतं आणि पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता. टेबलाच्या टोकाला प्राचार्य ईश्वरप्पा बसले होते. त्यांच्या शेजारी सदफचे गाइड डॉ. अनंतराव, चष्मा काढून डोळे चोळत, घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून.

नमुना पडताळणीसाठी हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवला होता, तिचा निष्कर्ष ईश्वरप्पांनी वाचून दाखवला. सदफने ज्याला को-क्रिस्टल, म्हणजे दोन पदार्थांचा मिळून एकच स्फटिक, म्हटलं होतं, ते को-क्रिस्टल नव्हतंच. दोन साध्या पावडरी एकत्र कालवलेल्या होत्या, बस्स. तिच्या कपाटातल्या उरलेल्या सगळ्या बाटल्यांतही तीच मिसळ सापडली होती. म्हणजे तिने जे आलेख काढले, जो शोधनिबंध पाठवला, ते सगळं बनावट.

"अनंतराव, तुम्ही काय म्हणता?" प्राचार्यांनी विचारलं.

"काय म्हणू?" अनंतरावांचा आवाज जड झाला. "मी या मुलीला बेटा म्हणून हाक मारतो. तिच्या पावडरीला मी कधी हातसुद्धा लावला नाही, आलेखांवर विश्वास ठेवला. हा अहवाल आला तेव्हाही वाटलं, चूक असेल कुणाची तरी. म्हणून लातूरला माझ्या खोलीवर, स्वतःच्या हाताने तिचा प्रयोग करून पाहिला. एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक वेळी नुसते पापुद्रे. सुया एकदाही नाहीत. तसं मी लेखी दिलंय."

सदफने बाटली स्वतःकडे ओढली. को-क्रिस्टल म्हणजे तिची सुयांसारखी बारीक, लांब, चमकणारी स्फटिकं. ती तिने डोळ्यांनी पाहिली होती, शेकडो वेळा.

"मला लॅबमध्ये जाऊ द्या. आत्ता बनवून दाखवते, तुमच्यासमोर."

"चौकशी संपेपर्यंत तुम्हाला लॅब बंद आहे," ईश्वरप्पा म्हणाले. "पुढच्या बैठकीत तुमची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करायची की नाही ते ठरेल."

ती उठली तेव्हा अनंतराव तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "माफी लिहून दे, बेटा. मी सांभाळून घेतो."

खुर्ची उचलून त्यांच्यावर फेकावी असं तिला वाटलं. असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

२

नांदेडच्या इतवाऱ्यात तिचे अब्बा ताहेर यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुसऱ्याच दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाने घड्याळ परत घेताना विचारलं, "ताहेरभाई, पोरीनं कॉलेजात काय घोटाळा केला म्हणे?" अब्बांनी दुपारीच शटर ओढलं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

अम्मीने, हुसेनबीने, बुरखा घातला. "चल. लातूरला जायचं."

"कुणाकडं?"

"गोदावरीबाईकडं. तुझ्या स्फटिकाचं फोनवर सांगितलंय त्यांना."

हुसेनबी सरकारी दवाखान्यात नर्स होती. किल्लारीच्या भूकंपानंतर ती तिथल्या तंबूतल्या दवाखान्यात राहिली, सदफ तेव्हा पोटात होती. तिथेच तिला गोदावरीबाई भेटल्या. त्या औषध निरीक्षक. मदत म्हणून आलेल्या ट्रकांतली मुदत संपलेली औषधं त्यांनी पुढाऱ्यांच्या डोळ्यांदेखत खड्ड्यात ओतायला लावली होती. त्याची बक्षिसी म्हणून बदली झाली. पुढे सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांनी उरलेली नोकरी काढली आणि आता लातुरात एकट्या राहत होत्या. "एका ताटात जेवलो आम्ही दोघी," अम्मी बसमध्ये सांगत होती. "त्या बाईसारखी बाई न्हाई."

त्या बाईसारख्या बाईने दार उघडलं, सदफला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि उंबऱ्यातच हात आडवा धरला.

"आत येऊ नका. ओट्यावर बसा. दोघी पण."

हुसेनबीचा चेहरा उतरला. सदफने आईचा दंड धरला. "चल अम्मी."

"बस म्हटलं ना," गोदावरीबाई कडाडल्या. पांढरे केस कापलेले, जाड काचांचा चष्मा, आवाज वर्गातल्या बाईसारखा. "चोर म्हणून राहिलेत ना तुला? मग राग माझ्यावर नको काढू. बोल."

अम्मी मुकाट्याने ओट्यावरच्या चटईवर बसली, म्हणून सदफ बसली. चहा आला तो कागदी कपात. बाई स्वतः दाराच्या आत, स्टीलच्या पेल्याने पीत होत्या. सदफने कप चटईवर ठेवला आणि सांगायला लागली.

पोटातल्या जंतांवरचं एक जुनं, स्वस्त औषध. वाईट एवढंच, की ते पाण्यात विरघळत नाही. पोराला गोळी द्यावी तर बरीचशी तशीच बाहेर पडते. सदफने त्या औषधाचा रेणू समोर मांडून पाहिला, त्याचा कुठला भाग मोकळा आहे, त्या मोकळ्या हाताला कुणाचा हात धरता येईल. खूप पदार्थ करून बघितले. शेवटी चिंचेतलं आम्ल बसलं. औषध आणि आम्ल, एकाच स्फटिकात एकाआड एक. औषध तेच, गुण तोच, फक्त पाण्यात चटकन विरघळणारं.

"पहिला स्फटिक मिळायला किती वेळ लागला?"

"दोन वर्षं गेली. नुसते पापुद्रे यायचे, औषध वेगळं, आम्ल वेगळं. मग एका सकाळी सुया दिसल्या. त्यानंतर कधीच अडचण आली न्हाई. कसंही करा, सुयाच."

गोदावरीबाईंनी पेला खाली ठेवला. "आम्ल कुठलं वापरायचीस? चिंचेतलं नैसर्गिक, का कारखान्यातलं मिश्र?"

"नैसर्गिकच. मिश्रात निम्मं आम्ल उलट्या हाताचं असतं, आरशातल्यासारखं. ते बसतच न्हाई."

"बाटल्यांना हात कुणाचा लागू शकतो?"

"तिघांचा. गाइड सर, त्यांच्याकडं कपाटाची दुसरी किल्ली असते. श्रीनाथ, माझ्याच टेबलाशेजारी काम करतो. आणि मालविकाताई, एक्स-रे यंत्र तिच्या ताब्यात. हैदराबादचं पार्सल तिनंच बांधलं."

"बरं. हैदराबादहून आलेला मूळ आलेख माग. निष्कर्ष न्हाई, आलेख. तुझ्यावर आरोप हाय, तुला तो द्यावाच लागंल. निघा आता."

दोघी उठल्या. मागे वळून पाहिलं तर बाई त्या बसल्या होत्या ती चटई काठीने उचलून, कागदी कपांसकट अंगणाच्या पार कोपऱ्यात टाकत होत्या.

हुसेनबी रस्त्याला लागेपर्यंत रडली नाही. मग रडली.

३

नांदेडच्या बसमध्ये सदफ दात आवळून बसली होती. बाहेर कोचिंग क्लासच्या पाट्या मागे पडत होत्या, पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो, त्यांचे गुण, खाली क्लासमालकांचे त्याहून मोठे फोटो. एका पाटीवर 'मार्गदर्शक' म्हणून अनंतरावही हात जोडून उभे. तिने मान फिरवली.

भूकंपात एका ताटात जेवलेली बाई. तिला आज आमची चटई चालत नाही. बरं, आम्ही नको असू, समजा. पण मग इतके प्रश्न कशाला? इतक्या बारकाईने कशाला? आणि तो पहिलाच प्रश्न, पहिला स्फटिक मिळायला किती वेळ लागला...

बस चाकूरला थांबली. शेजारच्या बाईने खिडकी उघडली, वारा आला, सदफची ओढणी उडाली. तिने ती धरली आणि तशीच धरून राहिली.

ही ओढणी ती लॅबमध्ये घालायची.

ती बसमधून खाली उतरली, अम्मी हाका मारत होती तरी. स्टँडवरच्या गोंगाटात कानाला फोन लावला.

"बाई, बीज! माझ्या कपड्यांवर, केसांत, अम्मीच्या बुरख्यावर, सगळीकडं बीज हाय. म्हणून तुम्ही आम्हाला आत घेतलं न्हाई."

"कळालं का?" पलीकडून आवाज आला. "मला वाटलं कळेपर्यंत अहमदपूर गाठशील."

पहिला स्फटिक मिळणं कठीण, कारण द्रावणातल्या रेणूंना रचना ठाऊक नसते. एकदा कुठे तो तयार झाला, की त्याचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा बीज होतो. त्याच्यावर बाकीचे रेणू तशीच रचना लावत जातात. सदफच्या लॅबमध्ये ही धूळ हवेत होती, म्हणून तिला कधी अपयश आलं नाही. जिथे ही धूळ पोचलीच नाही, तिथे दुसऱ्या कुणीही प्रामाणिकपणे केलं तरी पापुद्रेच येणार.

"मला माझं घर कोरं पायजे होतं," गोदावरीबाई म्हणाल्या. "आज इथं तुझं द्रावण करून ठेवणार हाय."

"मग तोंडानं सांगायचं ना! माझी अम्मी रडली रस्त्यात!"

"सांगितलं असतं तर मला कळलं नसतं, तू खरी की खोटी. ज्यानं वस्तू बनवलीच न्हाई, त्याला तिची धूळ सुचत न्हाई. तुला सुचली."

"तुम्ही मला तपासलंत?"

"हाव."

"अम्मीला रडवून?"

"तेवढं चुकलं. तिला फोन दे."

सदफने मागोमाग उतरलेल्या अम्मीला फोन दिला. अम्मी ऐकत होती, डोळे पुसत होती, शेवटी हसली. सदफला हसू आलं नाही. पण आता तिचा राग वाट सापडल्यासारखा एका दिशेला वाहू लागला.

४

आलेख मिळायला प्राचार्यांच्या दारात दोनदा बसावं लागलं. तो मिळाला तशा गोदावरीबाई नांदेडला आल्या. सदफ सोबत, पण चार पावलं मागे.

श्रीनाथ कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. शनिवार-रविवार तो लातूरच्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. सदफशी नजर मिळवत नव्हता.

"चिंचेतल्या आम्लाचे प्रकार किती?" बाईंनी त्याला विचारलं.

"हा काय प्रश्न आहे?" तो वैतागला. "उजवं, डावं, त्या दोघांचं मिश्र, आणि कुठल्याच हाताचं नसलेलं मेसो. दर बॅचला घोकून घेतो मी. मिश्र आणि उजवं एक समजलं की पोरांचे गुण गेलेच."

"लॅबमध्ये नवीन काय?"

"काही नाही. हां, सरांनी सदफचं टेबल, कपाटं, भिंती, सगळं धुऊन काढायला लावलं. रंगसुद्धा दिला. चौकशीच्या आधीच."

"तू काही बोलला न्हाईस?" सदफ मागून ओरडली. "माझ्या शेजारी बसून सुया पाहिल्यास ना तू? रोज?"

श्रीनाथने मान खाली घातली. "माझीही थिसिस त्यांच्याच हातात आहे गं."

"मग बस तिथंच," सदफ म्हणाली. "बस."

मालविका घरी होती. बाईंनी आलेख तिच्यापुढे ठेवला मात्र, ती ताडकन उठून उभी राहिली.

"हा हैदराबादचा? अहो, यात तर मिश्र आम्लाच्या रेषा आहेत! ही बघा, आणि ही. नैसर्गिक आम्लात या रेषा येतच नाहीत. सदफने मिश्र आम्ल कधी मागवलंच नाही."

"मग आधी का न्हाई सांगितलंस, ताई?" सदफने विचारलं.

"मला दाखवलाच कुणी? सरांनी फक्त निष्कर्षाचं पान दिलं. म्हणाले, आलेख बघायची गरज नाही." मालविकाने आलेख हातात घेतला. "पार्सल मी बांधलं म्हणून आठवडाभर मीच स्वतःला खात होते. बाटली मला सरांनीच आणून दिली होती, बंद करून."

शेवटी अनंतराव. बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या, सदफ बाहेर व्हरांड्यात थांबली. दार अर्धवट उघडं होतं.

"तुम्ही लातूरला प्रयोग केलात, तेव्हा आम्ल कुठलं घेतलंत?" बाईंचा आवाज अगदी साधा होता.

"टार्टारिक. चिंचेतलं."

"त्यातलं कुठलं?"

"कुठलं म्हणजे? टार्टारिक ते टार्टारिक. दुकानात बाटली मिळते."

"बरोबर, बरोबर. बऱ्याच वर्षांत स्वतः हाताने काम करायची सवय राहिली नसेल."

"प्रशासनातून वेळ कुठे मिळतो, बाई."

गोदावरीबाई बाहेर आल्या. जिन्यात थांबून त्यांनी सदफकडे पाहिलं.

"खोटी पावडर तू केली असतीस तर तुझ्या बाटलीतलं आम्ल घातलं असतंस. श्रीनाथनं केली असती तर त्यानं ही चूक झोपेतसुद्धा केली नसती, दर बॅचला तेच शिकवतो. मालविकेला आलेख कसा दिसंल ते आधीच ठाऊक. ही चूक त्याच हाताची, ज्यानं बरीच वर्षं नुसत्या सह्या केल्या."

"मग आत्ताच जाऊ ईश्वरप्पा सरांकडं!"

"ते म्हणतील, चुकून घेतलं असंल कुणी. मला त्याच्याच तोंडून पायजे." बाईंनी पदर खोचला. "त्याची लातूरची खोली कुठं हाय?"

५

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका क्लासच्या माडीवर ती खोली होती. सकाळी खाली पोरांची ही गर्दी, सायकली, डबे, पाठीवर दप्तरं. सदफ समोरच्या रसवंतीत उभी होती. तिने, मालविकाने आणि श्रीनाथने माडीवर फिरकायचं नाही, अशी बाईंची सक्त ताकीद. तिघांच्याही अंगावर बीज असणारच. आत गेले ते तिघेच, ईश्वरप्पा, अनंतराव आणि गोदावरीबाई. बाईंचा फोन पिशवीत चालू होता. सदफने कानाला फोन घट्ट धरला.

आधी अनंतरावांचा आवाज आला. "इथे कशाला, सर? धूळ आहे नुसती. कॉलेजातच करू की."

"तुम्ही इथंच केला होता ना प्रयोग?" गोदावरीबाई म्हणाल्या. "तसं लेखी हाय."

"हो, पण..."

"मग इथंच. ईश्वरप्पा सर, तुम्ही सांगा, काल काय केलंत?"

प्राचार्य खाकरले. "बाईंनी एका द्रावणाच्या दोन बंद बाटल्या केल्या. एक मी औशाला गावच्या घरी नेली आणि बशीत ओतून झाकली. आज सकाळी हे आलं. पापुद्रे."

"हेच मी म्हणतोय ना!" अनंतरावांचा सूर एकदम चढला. "पापुद्रेच येतात. तिचं सगळं खोटं होतं!"

"दुसरी बाटली तुमच्या सरांच्या हातात हाय, बंद. मी हात लावत न्हाई. सर, ओता त्या बशीत. अनंतराव जिथं बसून प्रयोग करतात म्हणाले, त्या टेबलावर."

काच टेकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. खाली वर्ग सुटला, पोरांचा लोंढा सदफच्या अंगावरून गेला, कुणाचा तरी कोपर तिला लागला. तिने दुसरा कान बोटाने बंद केला. उसाच्या चरकाचा खडखडाट थांबवा म्हणून ती रसवाल्यावर ओरडली. त्याने दचकून चरक थांबवला.

"अरे," ईश्वरप्पांचा आवाज आला. अगदी हळू. "अरे, हे काय? सुया... बाई, या तर सुया! वाढताहेत! दिसतंय मला!"

सदफ तिथल्याच बाकावर बसली.

"अनंतराव," गोदावरीबाई म्हणाल्या, "औशाला जे जमलं न्हाई ते इथं आपोआप झालं. या खोलीत हा प्रयोग फसूच शकत न्हाई. आणि तुम्ही म्हणता तुमचा प्रत्येक वेळी फसला."

"ही धूळ आहे! तिची धूळ!" अनंतराव ओरडले. "तिने आणून टाकली असेल! ती पोरगी, नाहीतर तिची आई! माझा प्रयोग झाल्यावर कुणीतरी येऊन..."

"कशाची धूळ?"

अनंतराव काहीतरी पुटपुटले.

"बोला की. कशाची धूळ, अनंतराव? जी वस्तू त्या पोरीनं कधी बनवलीच न्हाई असं तुम्ही सहीनिशी दिलंय, तिची? नसलेल्या वस्तूची धूळ इथं आणली कुणी? आज आणली म्हणा, नाहीतर दिवाळीत आणली म्हणा. धूळ हाय म्हटलं की वस्तू हाय. वस्तू हाय म्हटलं की बाटल्यांतली खरी पावडर कुणीतरी काढून घेतली. आणि लॅब धुऊन काढायची घाई तुम्हालाच झाली होती. बीज म्हणजे काय, ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पोरीला परत बनवता येऊ नये म्हणून भिंती रंगवल्यात. स्वतःची खोली रंगवायची राहिली, कारण इथं तुमचं काम चालू होतं."

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग फ्रिजचं दार उघडल्याचा. मग ईश्वरप्पा: "ही बरणी कसली?"

मुरंब्याची बरणी होती. तिच्यात बोटभर उंच, पांढऱ्याशुभ्र सुया भरल्या होत्या.

६

सदफ जिन्याकडे धावलीच असती, पण फोनवर ईश्वरप्पा बोलायला लागले आणि ती पहिल्या पायरीवर थबकली.

"बाई, झालं ते वाईट झालं. पण कॉलेजच्या नावाचा विचार करायला हवा. आपण असं करू. मुलीला संशयाचा फायदा देऊन प्रकरण मिटवू. सर तब्येतीच्या कारणाने रजेवर जातील. बाहेर काही..."

उरलेलं सदफने ऐकलं नाही. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली आणि दार ढकललं. टेबलावर बशी, बशीत सुया, खिडकीच्या उजेडात चमकत होत्या. तिच्या होत्या. तिने क्षणभरच पाहिलं.

"संशयाचा फायदा?" ती म्हणाली. "कुणाचा संशय? कशाचा फायदा? सर, मी इतके दिवस चोर होते. माझे अब्बा दुकान बंद करून भिंतीकडं तोंड करून पडलेत. आता खरा चोर तुमच्यासमोर बसलाय, तर तुम्ही मला फायदा देऊन राहिलात?"

"तू शांत हो, बेटा," ईश्वरप्पा म्हणाले.

"न्हाई होत. आणि बेटा न्हाई. सदफ."

अनंतराव खुर्चीत खचले होते. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांनी वर पाहिलं. "सदफ, ऐक. एका कंपनीशी बोलणं झालं होतं. त्यांना मोठं नाव हवं होतं, विद्यार्थिनीचं नाही. तू बाजूला झालीस की दोन वर्षांनी नव्याने काढायचं ठरलं होतं. मी तुला विसरलो नसतो. तुझं नाव घातलंच असतं मी कुठेतरी."

"कुठं?" सदफने विचारलं. "आभारात?"

त्यांनी रुमालाने घाम पुसला.

"आमच्या गल्लीतली पोरं जंतांनी पोट फुगून शाळेत येतात," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी केलं होतं मी हे. तुम्ही ते मुरंब्याच्या बरणीत लपवून ठेवलंत, फ्रिजात, बेसनाच्या डब्याशेजारी." ती ईश्वरप्पांकडे वळली. "कागद घ्या, सर. लिहा. पावडर कुणी बदलली, त्यांचं नाव लिहा. माझं काम खरं होतं, हे लिहा. हे तुम्ही लिहिलं न्हाई, तर मी आत्ता खाली जाऊन या पोरांना सांगते. त्यांच्या पाटीवर यांचा फोटो हाय. त्यांना कळू दे, मार्गदर्शक कोण ते."

ईश्वरप्पांनी गोदावरीबाईंकडे पाहिलं, काही मदत मिळते का म्हणून. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

"माझ्याकडं काय बघता?" त्या म्हणाल्या. "लिहा."

प्राचार्यांनी लिहिलं. एकदा 'अनवधानाने' असा शब्द घातला, तो सदफने खोडायला लावला.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. अनंतराव निलंबित झाले, पोलिसांत तक्रार झाली, त्यांनी चांगला वकील लावला आणि खटला रेंगाळला. कंपनीने हात झटकले. पण बरणीतल्या सुयांचा आलेख मालविकाने काढला, तो सदफच्या जुन्या आलेखावर ठेवला तेव्हा रेषेवर रेष बसली. श्रीनाथनेही शेवटी जबाब दिला, भीत भीत, पण दिला. सदफचं नाव परत नोंदलं गेलं. नवे गाइड मिळाले, शोधनिबंध छापून आला, आणि वर्ष उलटताना तिची खुली तोंडी परीक्षा ठरली.

आदल्या दिवशी ईश्वरप्पांनी तिला बोलावून घेतलं. "बाहेरचे परीक्षक आहेत. गाइड का बदलले असं विचारलं तर वैयक्तिक कारणं म्हण. झालं गेलं."

सदफ प्रबंध उचलून बाहेर पडली.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून, अम्मी त्यांच्या शेजारी, तिच्या शेजारी गोदावरीबाई. सदफने तासभर पडद्यावर रेणू दाखवले, कुणाचा हात कुणाला धरतो ते सांगितलं. परीक्षक खूश होते. शेवटी त्यांतले एक ज्येष्ठ गृहस्थ प्रबंध चाळत म्हणाले, "काम उत्तम आहे. एकच उत्सुकता. सुरुवातीची वर्षं तुम्ही दुसऱ्या गाइडकडे होतात. त्यांचं नाव प्रबंधात कुठेच कसं नाही?"

बाजूच्या खुर्चीत ईश्वरप्पा हलले, आणि त्यांनी घसा साफ केला.

"कारण ते चोर आहेत," सदफ म्हणाली. "वेळ असेल तर पहिल्यापासून सांगते."

परीक्षकांनी घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. "सांगा," ते म्हणाले.